एकटा वाटसरू

हिवाळ्याच्या दिवसांत कोणालाही सोबत न घेता एखादे जुने गाव पायी हिंडून पाहावयाचे, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. अशा हिंडण्याची वर्णने आपण बहुधा विलायतेच्या प्रवासवृत्तांतून वाचलेली असतात. धुक्यात बुडालेले एखादे पुरातन शहर, दगडी फरसबंदीचे अरुंद रस्ते, अंगात जाड डगला, आणि नदीवरील पुलाच्या कठड्याशी उभा राहून देवळाच्या घंटेचे ठोके मोजणारा एकटाच प्रवासी! चित्र मोठे मनोहर असते, यात शंका नाही. परंतु हे चित्र रंगविताना लेखकाने एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते. ती ही की, त्या माणसाला तेथे एकटे हिंडता येते. त्याला कोणी लुटीत नाही, कोणी अडवीत नाही, 'तू कोण, कोणाचा, इकडे कशाला आलास?' असे कोणी दरडावून विचारीत नाही.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नव्हे. ती मनुष्याला कशी मिळाली, कोणाला आधी मिळाली, कोणाला फार उशिरा मिळाली, आणि कोणाला अद्याप पुरती मिळावयाची आहे, याचा विचार करण्यासाठी आगबोटीत किंवा विमानात बसण्याचे कारण नाही. आमच्या हिंगोलीत हिवाळ्याच्या एका सकाळी मारलेला फेरफटका त्यास पुरेसा आहे.

प्रथम हिवाळाच का, ते सांगतो. हिंगोलीच्या भोवतालची जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात तिच्यात पाऊल टाकले की चिखल पायाला धरून बसतो. जोडा उचलावा तो शेरभराचा दोन शेर होऊन वर येतो. उन्हाळ्यात तीच जमीन हात हात भेगाळते आणि दुपारचे ऊन माणसास झाडाखालून हलू देत नाही. पक्क्या सडका होण्यापूर्वी या मुलखातील मनुष्यास प्रवासाचे असे महिने काय ते चार-पाचच, दसऱ्यापासून होळीपर्यंतचे. आपले सीमोल्लंघन हा नुसता धार्मिक विधी नव्हे. ऋतुचक्राने दिलेली ती परवानगी होती. शिपायाने मोहिमेवर, व्यापाऱ्याने मालासह आणि यात्रेकरूने देवाच्या वाटेवर निघावयाचे ते दसरा झाल्यावर. हिंगोलीचा दसऱ्याचा उत्सव दीडशेहून अधिक वर्षांचा आहे आणि त्याच्या जत्रेला आजही पंचक्रोशी लोटते. प्रवासाचा हंगाम ज्या सणाने उघडावयाचा तो सण या बाजारपेठेच्या गावी थाटाने व्हावा, हे मला मोठे स्वाभाविक वाटते. शिवाय हिवाळ्यात या बाजूची शेते पाहण्यासारखी असतात. ज्वारी हुरड्यावर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, कापसाची बोंडे फुटलेली आणि हळदीची पाने पिवळी पडू लागलेली. सकाळच्या थंडीत अंगावर शाल घेऊन बाहेर पडावे, आणि ऊन चढेपर्यंत ती खांद्यावर यावी, इतकाच येथील हिवाळा. पण चालणाऱ्याला तो अमृतासारखा आहे.

पायी का, याचे उत्तर गावाच्या पेठांत आहे. मोटारीतून जाणाऱ्यास हिंगोली म्हणजे दुकानांच्या दोन रांगा व एक चौक एवढेच दिसते. पायी जाणाऱ्यास मात्र दर पाच-दहा मिनिटांनी एक नवे नाव भेटते. रिसाला, तोफखाना, पलटण, सदर बाजार, पेन्शनपुरा! ही नावे नुसती उच्चारून पाहा. रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ, तोफखान्याचा अर्थ सांगावयासच नको. 'पेन्शनपुरा' हे नाव तर मोठे गमतीचे. अर्धे इंग्रजी आणि अर्धे देशी, म्हणजे ज्या राज्यव्यवस्थेतून ते निपजले तिचीच ती मूर्ती. जेथे आज शाळकरी मुले सायकली दामटीत जातात व भाजीवाल्या गाडे मांडतात, तेथे एके काळी एका फौजेचा तळ होता, हे सांगणारा शिलालेख शोधण्याची गरज नाही. पेठांची नावे हेच गावाचे दप्तर होय, आणि ते चालणाऱ्यापुढेच उघडते.

ही फौज मोठी चमत्कारिक होती. हिंगोली हे निजामाच्या राज्याच्या उत्तर सीमेजवळील, वऱ्हाडच्या तोंडावरील ठाणे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी निजामाने पैसा द्यावयाचा आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी हुकूम सोडावयाचे, अशा पद्धतीने उभारलेल्या सैन्याच्या तुकड्या येथे राहत. पुढे १८५३ सालच्या तहात या सैन्याची नवी व्यवस्था लागून त्यास हैदराबाद कंटिंजंट असे नाव पडले, आणि त्याच्या खर्चापायी वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०३ साली हे सैन्य हिंदुस्थानच्या ब्रिटिश सैन्यात मिळून गेले. छावणीचे दिवस सरले, परंतु छावणीने वसविलेली वस्ती राहिली. घोड्यांना दाणावैरण हवी, शिपायांना कापड हवे, अधिकाऱ्यांना नाना प्रकारचा माल हवा. या गरजांतून येथे बाजार वाढला आणि हिंगोली हे निजामाच्या राज्यातील एक नावाजलेले व्यापारी गाव झाले.

अशा गावी, चोहोबाजूंनी बंदुकीचे पहारे असताना, एकट्या वाटसरूस भय कशाचे? असे कोणासही वाटेल. परंतु या प्रश्नाचे उत्तर ऐकून अंगावर काटा उभा राहतो.

फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतील इंग्रज अधिकारी. १८३९ साली त्याने एका ठगाच्या कबुलीजबाबाच्या रूपाने लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध केली व ती विलायतेत अतोनात गाजली. कादंबरी कल्पित असली तरी तिच्या प्रस्तावनेत त्याने स्वतः पाहिलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यांत हिंगोलीची गोष्ट आहे. १८३२ च्या सुमारास ठगांचा शोध लागू लागला तेव्हा या भागातील ठगांचा म्होरक्या म्हणून जो हरिसिंग नावाचा मनुष्य पकडला गेला, तो हिंगोलीतील एक प्रतिष्ठित व्यापारी होता! टेलरनेही इतर अनेकांप्रमाणे त्याच्याशी देवघेव केलेली होती. एकदा या हरिसिंगाने मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला की, मुंबईहून कापड आणावयाचे आहे, परवाना द्यावा. परवाना मिळाला. त्याच वेळी शेजारच्या एका गावचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, ही बातमी हरिसिंगास ठाऊक होती. त्याने वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना ठार केले. तोच माल सरकारी परवान्यानिशी हिंगोलीत आणला आणि छावणीत राजरोस विकला. पकडला गेल्यावर त्यानेच मोठी थट्टा केल्याच्या आविर्भावात ही हकीकत सांगितली, म्हणून ती कळली. एरव्ही कधी कळलीही नसती.

टेलर पुढे लिहितो की, या टोळीने कित्येक माणसे खुद्द छावणीच्या बाजारात, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत मारली, आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखविल्यावर त्यांतील काही खड्डे उकरण्यात आले, तेव्हा टेलर स्वतः तेथे उभा होता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते होती.

श्रोतेहो, सदर बाजारातून चालताना ही शंभर यार्डांची गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. शंभर यार्ड म्हणजे किती? एका मनुष्याने दुसऱ्यास हाक मारली तर सहज ऐकू जावी इतके अंतर. रात्री चौकीवर तास पडत असेल, शिपाई 'हुशार!' म्हणून ललकारत असेल. आणि त्याच ललकारीच्या टप्प्यात, दिवसभर चालून थकलेला कोणी यात्रेकरू किंवा रजेवर घरी निघालेला कोणी शिपाई कायमचा निजविला जात असेल.

ठगांची रीत आता पुष्कळांच्या परिचयाची आहे, तरी तिच्यातील एक मर्म येथे सांगितले पाहिजे. त्यांच्या टोळीत निरनिराळ्या कामांची निरनिराळी माणसे असत. गोड बोलून वाटसरूस जाळ्यात आणणारा तो सोथा, फास आवळणारा तो भुर्तोट, आणि खड्डे खणणारे ते लुघाई. यांपैकी सर्वांत महत्त्वाचा मनुष्य कोणता? माझ्या मते सोथा. रुमालाचे काम क्षणाचे. परंतु अनोळखी माणसाचा विश्वास संपादन करण्यास दिवसचे दिवस लागत. सोथा वाटसरूस भेटे आणि म्हणे, 'दादा, वाट चांगली नाही, चोरांचे भय फार. आम्हीही त्याच बाजूस चाललो आहोत, मिळून जाऊ.' म्हणजे ठगांच्या भयानेच माणसे ठगांच्या सोबतीस येत! एकटेपणाची धास्ती हेच त्यांचे भांडवल होते. ते एकत्र चालत, एकत्र स्वयंपाक करीत, गाणी म्हणत; आणि पुरता विश्वास बसल्यावर, बहुधा मुक्कामाच्या जागी, ठरलेली खूण होई. या धंद्याचा हंगामही दसऱ्यानंतरचाच. मघाशी सांगितलेल्या शिपाई, व्यापारी व यात्रेकरू यांच्या पाठोपाठ ही चौथी मंडळीही सीमोल्लंघनास निघत असे.

येथे न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. ठगांविषयी त्या काळच्या इंग्रजांनी जे लिहिले, त्यावर अलीकडच्या अभ्यासकांनी पुष्कळ शंका घेतल्या आहेत. देवीच्या नावाने नरहत्या करणारा एक देशव्यापी गुप्त पंथ, असे जे चित्र कर्नल स्लीमन व त्याचे सहकारी यांनी उभे केले, ते बऱ्याच अंशी माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर आधारलेले होते. आणि फाशीच्या छायेत उभा असलेला मनुष्य विचारणाऱ्यास हवे तेच सांगण्याचा संभव असतो. राज्ये मोडल्यामुळे बेकार झालेले शिपाई आणि पोटासाठी हंगामी लूटमार करणारे शेतकरी यांचीही गणना त्या एकाच नावाखाली झाली असावी. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले एवढ्यावरूनच जन्मठेप देता येऊ लागली. न्यायाच्या नेहमीच्या कल्पनेस हे सोडून होते. हे सारे मान्य करूनही हिंगोलीच्या त्या खड्ड्यांतील हाडे खोटी ठरत नाहीत. कोणाच्या तरी घरी, कोठे तरी, दसऱ्याला निघालेला मनुष्य होळीला परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही, आणि शेवटपर्यंत दिवस घालावे की वाट पाहावी, हे त्या घरच्या बाईला कळले नाही. एकट्या वाटसरूच्या असुरक्षिततेचा खरा हिशेब त्या घरी होतो.

ठग गेले. परंतु रस्त्यावर आणखी एक अडवणूक होती. तिला ना रुमाल लागे, ना रात्रीचा अंधार. ती भरदिवसा आणि धर्माच्या नावाने चाले. तिची खूण पाहण्यासाठी हिंगोलीहून औंढ्याच्या वाटेस लागले पाहिजे.

औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून महाराष्ट्रात मानले जाते. देऊळ हेमाडपंती घडणीचे. बाहेरच्या भिंतींवरील मूर्तिकाम पाहत सावकाश प्रदक्षिणा घालावी. हिवाळ्यातील सकाळचे तिरपे ऊन त्या मूर्तींवर पडते तेव्हा दगडाचा प्रत्येक पदर उठून दिसतो. खालचे जुने कोरीव दगडकाम व वरचे मागाहून झालेले बांधकाम यांतील फरक जाणत्या नजरेस तत्काळ कळतो. लिंग तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून खाली उतरावे लागते आणि आत मोजकीच माणसे बसू शकतात. परंतु येथे येणाऱ्याचे लक्ष विशेष वेधते ते नंदीकडे. शिवालयात नंदी देवासमोर असावयाचा. येथे तो देवळाच्या मागल्या बाजूस आहे!

याची कथा या भागातील लहान मूलही सांगते. नामदेव हे याच जिल्ह्यातील, कयाधू नदीच्या काठच्या नर्सीचे, अशी परंपरा आहे. जन्म १२७० सालचा मानतात. जातीने शिंपी. ते नागनाथाच्या देवळापुढे कीर्तनास उभे राहिले, तेव्हा तेथल्या अधिकारी मंडळींनी त्यांस हटकले व मागे जावयास सांगितले. नामदेव निमूटपणे देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करू लागले, आणि देवाने देऊळच त्यांच्याकडे फिरविले! नंदी राहिला तेथेच राहिला. कथेतील चमत्कार ज्याचा त्याने मानावा. पण देवळातून हुसकून दिल्याची व्यथा आणि देऊळ फिरल्याची हकीकत नामदेवांच्या नावावरील एका पदात आहे. आणि ते पद आपणा मराठी माणसांच्या नव्हे, तर शिखांच्या ग्रंथसाहिबात जपले गेले आहे. त्या ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. कयाधूकाठचा हा मनुष्य पायी चालत पंजाबात गेला, तेथील घुमान गावी दीर्घकाळ राहिला आणि तिकडच्या लोकांचा झाला. त्याच घुमान येथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. आपल्या गावच्या देवळापुढे ज्यास पाच हात जागा मिळाली नाही, त्यास शेकडो कोसांवर घर मिळाले! औंढ्याच्या त्या नंदीपाशी उभे राहिले की मनात येते, मनुष्याने कोठवर चालावयाचे हे त्याच्या पायांतील बळावर नव्हे, तर इतरांच्या मनावर अवलंबून होते.

आणि ही गोष्ट केवळ सातशे वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. त्रावणकोर संस्थानातील वैकोम येथे देवळाच्या भोवतालच्या रस्त्यांवरून, देवळात नव्हे, नुसत्या रस्त्यांवरून, चालण्याचा हक्क मिळावा म्हणून १९२४ साली लोकांना सत्याग्रह करावा लागला. त्याच्याही आधी, १९१७ साली, डॉक्टर भीमराव आंबेडकर हे शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. न्यूयॉर्क व लंडन येथे विद्या संपादन केलेला हा तरुण. पण बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर जावयाचे कोठे, हा त्याच्यापुढे प्रश्न! अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दाराशी आली आणि त्यांना तेथून निघावे लागले. मित्रांकडे विचारून पाहिले. तेथेही जमले नाही. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी कमाठी बागेत एकट्याने बसून वेळ काढला.

याच्या शेजारी आता दुसरे चित्र ठेवा. पुढे १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२१-२२ च्या सुमारास प्रिमरोझ हिल भागातील किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात राहिले. हातात पैसा अत्यंत थोडा. घरमालकिणीकडून मिळणारी न्याहारी तुटपुंजी. गाडीभाडे वाचावे म्हणून ते पायी निघत, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसत आणि दुपारच्या जेवणास फाटा देऊन सायंकाळपर्यंत वाचीत. लंडनचा हिवाळा, ते धुके, ती थंडी, ओले रस्ते, आणि अर्धपोटी एकट्याने चालणारा हा मराठी विद्यार्थी! आरंभी सांगितलेल्या प्रवासवर्णनातील चित्राशी हे चित्र जुळते खरे. फक्त अंगातील डगल्यात ऊब कमी आणि पायाखालच्या रस्त्यात अर्थ अधिक. लंडन शहर त्यांच्याशी फार प्रेमाने वागले, असे म्हणण्याचे कारण नाही. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून गेली होती, असे मात्र त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. लंडनच्या फरसबंदीवर त्यांना कोणी जात विचारली नाही. स्वदेशी संस्थानाच्या राजधानीत मात्र ती विचारली गेली. ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले असून तेथे आता त्यांचे स्मारक आहे.

रस्ता म्हणजे काय, हे ज्याला अशा रीतीने कळले होते, त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने पुढे घटनेचा मसुदा तयार केला, ही आपल्या राष्ट्राची मोठी पुण्याई. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या या घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट व रस्ते यांच्या वापरात जातीधर्मामुळे कोणासही अडथळा होऊ नये, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकास भारताच्या प्रदेशात सर्वत्र मुक्तपणे संचार करण्याचा हक्क दिला आहे. आम्हा मराठवाड्यातील लोकांस या शब्दांची गोडी थोडी अधिकच वाटावी. कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्या आधीचे वर्षभर रझाकारांच्या भीतीने कित्येक कुटुंबे रातोरात गाव सोडून वऱ्हाडच्या हद्दीत उमरखेडकडे गेली होती. स्वतःच्या शेताच्या बांधावर एकट्याने जाण्याचीही ज्यांना चोरी झाली होती, त्यांनाच मुक्त संचार या दोन शब्दांचे मोल समजते.

तर श्रोतेहो, हिंगोलीच्या पेठांतून हिवाळ्याच्या सकाळी शाल पांघरून जो कोणी स्वस्थपणे एकटा चालत असतो, तो स्वतःच्या पुण्याईवर चालत नाही. त्याच्या प्रत्येक पावलामागे दुसऱ्या कोणी भरलेली किंमत आहे. छावणीच्या मातीतील ती निनावी हाडे, देवळामागे जाऊन उभा राहिलेला तो शिंपी, बागेत बसून गाडीची वाट पाहणारा तो विद्वान, हे सर्व त्याचे सावकार आहेत. हे ऋण फेडावयाचे कसे?

ते फेडण्याचा मार्ग मला एकच दिसतो. आपणास जे मिळाले ते ज्यास अजून मिळाले नाही, त्याच्यापर्यंत पोहोचवावयाचे. आणि असे कोण उरले आहे, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्या घरांत माझे हे भाषण ऐकले जात असेल, त्यांपैकी पुष्कळ घरांत एखादी शिकलेली, हुशार मुलगी असेल. तिने म्हटले, 'मी एकटीच सारे गाव पायी पाहून येते, संध्याकाळी दिवेलागणीनंतर परतेन,' तर घरातील वडील माणसे काय म्हणतील? भावाला सोबत ने म्हणतील, मैत्रिणींना घेऊन जा म्हणतील, आणि बहुधा जाऊच नको म्हणतील. त्यांची काळजी खोटी असते असे मी म्हणत नाही. परंतु जरा विचार करा. वाट चांगली नाही, म्हणून सोबत हवी. हेच वाक्य या गावी दोनशे वर्षांपूर्वी प्रत्येक पुरुषास ऐकावे लागत होते. पुरुषापुरते ते खोटे झाले. कसे झाले? वाटसरूंना घरी बसवून नव्हे. वाट निर्धोक करून. जो उपाय वडिलांसाठी योग्य ठरला, तो मुलीसाठी उलटा का करावयाचा? वाट वाईट असेल तर ती सुधारण्याचे काम गावाचे आहे. घरी राहण्याचे काम चालणारीचे नव्हे.

यातील काही कामे अगदी साधी आहेत. पेठेतील दिवे जळत असावे. रस्त्याच्या कडेची चालणाऱ्याची वाट दुकानांच्या मालाने व उभ्या वाहनांनी गिळलेली नसावी. चौकात घोळक्याने उभे राहणाऱ्या तरुणांस, ती माझी विद्यार्थी असोत की आपली मुले असोत, एकट्या जाणाऱ्या बाईकडे न पाहता वाट देण्याचे शिक्षण घरातून मिळालेले असावे. परक्या मनुष्याने पत्ता विचारला तर त्याचे नाव-गाव-आडनाव न विचारता त्यास वाट दाखवावी. या शेवटच्या गोष्टीत सोथ्याच्या विद्येचा खरा प्रतिकार आहे. ठगांनी अनोळखी माणसाविषयीचा विश्वास हे शिकारीचे साधन केले. तो विश्वास पुन्हा जोडण्याचे काम कायदा, पोलीस किंवा पलटण करू शकत नाही. ते रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांनीच करावयाचे असते.

आणखी एक सूचना मी शिक्षकी पेशाच्या जुन्या सवयीने करतो. थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या एखाद्या सकाळी आपल्या मुलामुलींना आपलेच गाव पायी पाहावयास पाठवा. बरोबर जाऊ नका. फक्त एक काम सांगा: वाटेत जी पेठ लागेल तिचे नाव तसे का पडले, हे तेथील वृद्ध माणसांस विचारून यावे. हिंगोली असो, पैठण असो, नाशिक वा सातारा असो. प्रत्येक जुन्या गावात रिसाला व तोफखान्यासारखी नावे पडलेली आहेत आणि ती सांगणारी माणसे दर हिवाळ्यागणिक कमी होत आहेत. मुले इतिहास शिकतील हा लहान लाभ. मोठा लाभ हा की, हे गाव आपले आहे, यातील प्रत्येक रस्ता आपल्या पायांसाठी आहे, आणि तो दुसऱ्याच्याही पायांसाठी तितकाच आहे, हे त्यांना न शिकविता कळेल.

गावाची थोरवी कशावरून ठरवावी? कोणी देवळावरून ठरवितात, कोणी बाजारावरून, कोणी तेथे होऊन गेलेल्या संतांवरून. हिंगोलीच्या पदरी या तिन्ही गोष्टी आहेत. तथापि माझी कसोटी वेगळी आहे. जेथे कोणीही, कोणत्याही जातीचा पुरुष, कोणत्याही वयाची स्त्री, परका असो वा गावचा, हिवाळ्याच्या सायंकाळी एकटा निघावा, मनास येईल त्या गल्लीने जावा, थांबावेसे वाटेल तेथे थांबावा, आणि अंधार पडल्यावर सुखरूप घरी यावा, आणि घरच्या माणसांनी दाराकडे डोळे लावून बसू नये, ते गाव थोर. विलायतेतील असो, की कयाधूकाठचे असो.